बोर्ड रिकामा होईपर्यंत

नरकाविषयी ज्याच्याशी तांत्रिक चर्चा करता येईल असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझा घरमालक निघाला. तरसालीत त्यांचं दोन मजली घर होतं. खाली काका आणि काकू, वर मी. मी मूळचा जळगावकडचा. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली म्हणून बडोद्याला आलो आणि जागा शोधत शोधत त्यांच्या फाटकाशी पोचलो. पाहुणे किती येतात, मांसाहार करता का, लग्न कधी करणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्या हातात एक पितळी बिल्ला ठेवला. त्यावर बत्तीस हा आकडा ठोकलेला होता.

‘बाहेर जाताना हा इथं लावायचा,’ फाटकाजवळच्या भिंतीवर एक काळपट फळी होती तिच्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. ‘परत आलास की काढून खिशात टाकायचा. बोर्ड रिकामा झाल्याशिवाय मी फाटकाला कुलूप घालत नाही. लावायला विसरलास तर वांधो नाही. काढायला विसरलास तर मी जागा राहीन आणि सकाळी तुझ्याशी बोलणार नाही.’

म्हातारा जरा सरकलेला दिसतो, असं मला वाटलं. आठ वर्षं त्या घरात राहूनही हे मत फारसं बदललं नाही. फक्त त्याची धार गेली.

काका मराठी ख्रिस्ती होते. आजोबा नगरकडून रेल्वेत कोळसा टाकायला म्हणून बडोद्यात आलेले, वडील एका गिरणीच्या बॉयलरवर, आणि काका स्वतः एका कारखान्यात लोखंड तापवण्याच्या भट्टीवर फोरमन. ‘तीन पिढ्या आम्ही आगीत काढल्या,’ ते सांगत, ‘आणि दर रविवारी आम्हालाच आगीची भीती घालतात.’ हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. वाण्यानं साखरेचा दर्जा सांगावा तितक्या कोरडेपणानं म्हणत.

भट्टीवर बत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या भुवया जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, आणि कुठल्याही तापलेल्या वस्तूचा रंग बघून तिचं तापमान सांगायची खोड लागली होती. शर्टाच्या खिशात एक जाड निळी काच असे. भट्टीत डोकावायची ती काच. निवृत्त झाल्यावर तिचा काही उपयोग उरला नव्हता, म्हणून ते तिच्यातून वाटेल ते बघत. काकूंनी फुलका थेट गॅसवर टाकला की काच डोळ्याला लावून बर्नरकडे बघत आणि ‘थोडी हवा कमी आहे’ म्हणत. उत्तरायणाला अख्खी सोसायटी गच्चीवर पतंग उडवत असताना हे मावळत्या सूर्याकडे काच लावून उभे. ‘आठशे असेल,’ म्हणाले. सूर्य त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो असं मी सांगितलं, तर म्हणाले, ‘इथून आठशेच दिसतो.’

सोसायटीतले गुजराती लोक त्यांना ‘पादरी काका’ म्हणत. त्यांना ते मुळीच आवडत नसे. पण मुलं त्यांच्याकडे येत ती या नावामुळेच. एकदा शेजारच्या भाईंची धाकटी मुलगी येऊन उभी राहिली. तिला शाळेत कुणी तरी सांगितलं होतं की खोटं बोलणाऱ्याला नरकात तेलात तळतात.

‘काका, साचू छे?’ तिनं विचारलं.

काका विचारात पडले. ‘जो बेटा,’ ते म्हणाले, ‘तेल बहु गरम थाय तो भडको थाय. पछी तळाय नहीं.’ म्हणजे तेल फार तापलं तर भडका उडतो, मग त्यात काही तळता येत नाही. मुलीचं समाधान झालं आणि ती पुन्हा खोटं बोलायला मोकळी झाली, असं तिची आई पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

त्यांची सगळ्यात गाजलेली चर्चा एका मंडपातल्या सभेत झाली. मी तेव्हा नवा होतो. काकूंनी मला ‘जा हो यांच्याबरोबर, काही तरी बोलून बसतील’ म्हणून पाठवलं होतं. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. आवाज भारदस्त. त्यांनी नरकाचं असं वर्णन केलं की पुढच्या रांगेतल्या दोन बाया रडायला लागल्या. गंधकाचं सरोवर, कधी न विझणारी ज्वाला, युगानुयुगं जळणारा माणूस. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका आहे का? असा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेनं विचारलेला नसतो. काका उठले.

‘अस्तर कशाचं आहे?’ त्यांनी विचारलं.

उपदेशकांना काही कळेना.

‘भट्टीला आतून विटांचं अस्तर असतं. ते दीड-दोन वर्षांनी जळून जातं. मग भट्टी थंड करून माणसं आत घालावी लागतात, नव्या विटा लावायला. तुमची युगानुयुगं चालते म्हणता. मग अस्तर बदलायला आत कोण जातं?’

मंडपात हशा पिकला. उपदेशकही हसले आणि पुढच्या गीताकडे वळले. काका मात्र हसले नव्हते. परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून सारखे म्हणत होते, ‘मी चेष्टा नव्हती केली रे. कुणी तरी आत जात असणारच ना?’

ती काळपट फळी त्यांच्या खात्यातली होती. खातं बंद झालं तेव्हा सगळं सामान भंगारात गेलं. काकांनी फळी आणि बिल्ले तेवढे मागून घेतले. फळीवर वर एक खुंट्यांची ओळ होती, तिच्याशेजारी पांढऱ्या रंगात लिहिलेलं ‘आत’. खाली एकच खुंटी, तिच्याशेजारी ‘दारात’. भट्टीच्या दुरुस्तीचा नियम साधा होता. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला वरच्या ओळीत लावायचा. एकानं दारात उभं राहायचं आणि आपला बिल्ला खालच्या खुंटीवर लावायचा. वरची ओळ रिकामी होईपर्यंत दारातल्यानं जागा सोडायची नाही आणि भट्टीचं दार खाली आणायचं नाही. आत अंधार, धूळ, विटांचे ढीग. आतल्याला दार दिसत नाही. म्हणून दारातल्यानं मधूनमधून हाक मारायची. मोठ्यानं.

हे सगळं मला काकूंकडून कळलं. काकूंनीच मला ती हकिगतही सांगितली, कारण काका ती कधी सांगत नसत. एकदा दुरुस्ती संपली, माणसं बाहेर आली, आणि वरची ओळ रिकामी व्हायची तर तिथं एक बिल्ला तसाच. दारात काका होते. पाळीच्या साहेबांना घाई होती. ते म्हणाले, ‘विसरला असेल, चहाला गेला असेल, दार घ्या खाली.’ सगळ्यांनाच तसं वाटत होतं. काकांनी क्रेन चालवणाऱ्या म्हाताऱ्याला दारात उभं केलं, स्वतःचा अठरा नंबरचा बिल्ला वर लावला आणि आत गेले. तो माणूस पार मागच्या भिंतीशी बेशुद्ध पडला होता. भट्टी पुरती निवलेली नव्हती. त्याला ओढताना काकांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. म्हणूनच ते उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. ‘हा माणूस घरातसुद्धा बिल्ले लावत बसतो त्याला मी हसत नाही,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणजे हसते, पण काढून टाक म्हणत नाही.’

काकू हिंदू होत्या. नागरवाड्यातल्या, संस्थानच्या काळात ज्यांच्याकडे दफ्तराची किल्ली असे अशा घरातल्या. दोघांचं लग्न कचेरीत झालं, दोन्ही घरांतून कुणी आलं नाही, आणि दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. काकूंकडे दीड दिवसाचा गणपती असे. तो स्कूटरवरून आणायचं काम काकांचं. नाताळात दारावर कागदी तारा लागे; तो चिकटवायचं काम काकूंचं. मुलगी एकच, नागपूरला दिलेली. दोन्ही सणांना गोड खायचं आणि दोन्हीकडची प्रार्थना चुकवायची, असा तिनं स्वतःपुरता मार्ग काढला होता.

वादही होत. एकदा संध्याकाळी ओट्यावर मटार सोलता सोलता विषय निघाला.

‘आमच्यात अठ्ठावीस नरक आहेत,’ काकू म्हणाल्या. ‘पण सगळे मुदतीचे. शिक्षा भोगली की सुटका. तुमच्यात एकच, आणि तोही कायमचा. जन्मठेपवाल्याला तरी सरकार कधी तरी सोडतं.’

‘आमच्यात कायमचा आहे असं कोण म्हणतो?’

‘तुमचे पाळकसाहेब म्हणतात.’

‘त्यांनी भट्टी बघितलेली नाही,’ काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘हे बघ. आग वाईट नसते. आगीशिवाय एक स्क्रूसुद्धा कामाचा होत नाही. नरक म्हणजे आग नव्हे. बोर्डावर बिल्ला लटकलेला असताना कुणी तरी दार खाली आणलं, तर तो नरक. आतल्याचा नाही, दार बंद करणाऱ्याचा. आणि देव तसं करेल असं मला वाटत नाही. मी करत नव्हतो, तर तो कशाला करेल?’

‘तरीच बाहेर जाणाऱ्याला “आत”वर बिल्ला लावायला लावता,’ काकू म्हणाल्या. ‘सगळं उलटंच.’

‘दाराच्या पलीकडं ते आत,’ काका म्हणाले. ‘आपण कुठल्या बाजूला आहोत याला महत्त्व नाही.’

मला हे सगळं तेव्हा शब्दांचे खेळ वाटले. मी मटार सोलत राहिलो.

त्या घरातल्या माझ्या पाचव्या वर्षी काकू गेल्या. चार दिवसांचं दुखणं. सकाळी ॲम्ब्युलन्स फाटकाशी आली तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. तरी फाटकाशी आल्यावर त्यांनी पदराला बांधलेला बिल्ला सोडवून घेतला आणि वरच्या ओळीत लावला. एकोणीस नंबर. ‘परत आल्यावर काढायला विसरले तर हे सकाळी बोलणार नाहीत,’ त्या मला म्हणाल्या.

त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. अस्थी घेऊन काका आणि मी डभोईवरून नर्मदेकाठी चांदोदला गेलो. मुलीला बरं नव्हतं म्हणून ती नागपूरलाच होती. बसमध्ये काकांनी कलश मांडीवर धरला होता. घाटावरच्या गुरुजींनी गोत्र विचारलं. काका म्हणाले, ‘मला नाही. मी ख्रिस्ती.’ गुरुजींनी हातातला दर्भ सारखा केला. मग म्हणाले, ‘वांधो नथी. जेने गोत्र खबर ना होय एनुं काश्यप.’ ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप धरतात हे काकांना ठाऊक नव्हतं. ते इतके हलले की त्यांनी गुरुजींचा हातच धरला.

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘महाराज, हवे ए क्यां गई?’ आता ती कुठं गेली?

गुरुजी साठीचे होते. पाण्याकडे बघत म्हणाले, ‘दादा, हुं तो घाट पर बेसुं छुं. आगळनी मने खबर नथी.’ मी घाटावर बसणारा माणूस, पुढचं मला ठाऊक नाही.

परतीच्या बसमध्ये काका माझ्याकडे वळले. ‘हा माणूस दारातला आहे,’ ते म्हणाले. ‘याला त्याची जागा माहीत आहे.’

त्या दिवसापासून फाटकाला कुलूप लागलं नाही. एकोणीस नंबर वर तसाच, आणि खालच्या ‘दारात’ लिहिलेल्या खुंटीवर, जी आजवर घरी कधीच वापरात नव्हती, तिथं अठरा नंबर. शेजारचे भाई समजावून थकले. ‘अरे काका, दरवाजो खुल्लो राखो छो, चोर आवशे!’ काका म्हणत, ‘येऊ दे. बिल्ला लाव म्हणावं.’ मला काळजी वाटायची आणि रागही यायचा, कारण माझंही सामान वर होतं. मी एकदा तसं बोललोही. काकांनी मला खाली नेलं, बोर्डापुढे उभं केलं आणि म्हणाले, ‘वाच.’ मी एकोणीस वाचलं. ‘मग?’ ते म्हणाले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकू गेल्या त्याच सुमारास त्यांच्या मंडळीत नवे पाळक आले. मंडळी म्हणजे त्यांचा मराठी ख्रिस्ती समाज, पन्नासेक माणसं. स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. एका देवळात सकाळी गुजराती उपासना होई, दुपारी चारला मराठी. नवे पाळक तरुण, मनमिळाऊ, बोलायला गोड. त्यांनी गीतांच्या वह्या बंद करून भिंतीवर पडदा लावला आणि गीतं, प्रार्थना सगळं त्यावर दाखवायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांची सोय झाली. पण उपासनेत सगळे उभे राहून एकत्र जो विश्वासांगीकार म्हणतात, आपण काय काय मानतो ते सांगणारा, त्यातली एक ओळ पडद्यावर नव्हती. ख्रिस्त मेला, त्याला पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, यांच्या मधली. तो अधोलोकात उतरला, ही.

काकांनी दुसऱ्याच दिवशी पाळकांना घरी चहाला बोलावलं. मीही होतो, कारण चहा मलाच करायचा होता.

‘काका, ती ओळ पुष्कळ ठिकाणी म्हणत नाहीत,’ पाळक म्हणाले. ‘मी जिथं शिकलो तिथंही नाही म्हणायचे. लोकांचा गोंधळ होतो. मुलं विचारतात, येशू नरकात कशाला गेला?’

‘बरोबर विचारतात. कशाला गेला?’

‘त्याचे वेगवेगळे अर्थ लावतात...’

‘मी एक सांगतो,’ काका म्हणाले. ‘बंद भट्टीत माणूस दोन कारणांनी उतरतो. अस्तर बदलायला, नाही तर आत राहिलेल्याला काढायला. हवा खायला कुणी उतरत नाही. तो तिसऱ्या दिवशी वर आला. पण दार बंद करून आला, असं कुठं म्हटलंय?’

पाळकांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, ‘तुम्ही काकूंबद्दल विचारताय ना?’

‘हो.’

‘काकूंनी प्रभूला स्वीकारलं नव्हतं. काका, मी तुमच्याशी खोटं कसं बोलू?’ हे बोलताना त्या मुलाचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याचीच कीव आली. तो निर्दय नव्हता. त्याला जे शिकवलं होतं ते तो एका म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगत होता, आणि ते सोपं नव्हतं.

‘खोटं नको बोलूस,’ काका म्हणाले. ‘तुला माहीत नाही ते तुला माहीत नाही. ओळ तेवढी ठेव. बाकी मी बघतो.’

चहा निवून गेला. पाळक गेल्यावर मी काकांना धीर द्यावा म्हणून धर्मराजाची गोष्ट सांगितली: भाऊ नरकात आहेत असं कळल्यावर त्यानं स्वर्ग नाकारला, आणि मग कळलं की ती सगळी परीक्षा होती. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘चांगली गोष्ट आहे,’ ते म्हणाले. ‘पण माझी परीक्षा नाही चाललेली. माझी बायको आहे.’ मला माझीच लाज वाटली.

ओळ पडद्यावर आली नाही. मग काका ती एकटेच म्हणू लागले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना मी स्कूटरवरून नेत असे, त्यामुळे दर रविवारी मागच्या बाकावर बसून मी हे पाहिलं. ‘पुरला गेला’पर्यंत सगळे एकत्र. मग बाकीचे ‘तिसऱ्या दिवशी’वर उडी मारत आणि त्याच वेळी काकांचा आवाज, भट्टीवरच्या माणसाचा असतो तसला, ‘तो अधोलोकात उतरला!’ दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळत. लोक वळून बघत. एक-दोघांनी पाळकांकडे तक्रार केली. पाळकांनी काकांना अडवलं नाही.

‘इतक्या मोठ्यानं कशाला म्हणता?’ मी एकदा विचारलं.

‘आतल्याला ऐकू जायला हवं,’ ते म्हणाले, जणू मी अगदीच बाळबोध प्रश्न विचारला होता.

माणसांना कशाचीही सवय होते. वर्षभरात असं झालं की ‘पुरला गेला’ म्हटल्यावर सगळी मंडळी आपसूक थांबत असे. काका आपली ओळ म्हणत. मग सगळे पुढे जात. कुणी ठरवलेलं नव्हतं. ती ओळ अजूनही पडद्यावर नव्हती, पण तिला जागा मिळाली होती.

काका गेले ते मंगळवारी. मी सकाळी नेहमीप्रमाणे बिल्ला वरच्या ओळीत लावून कामावर गेलो. अकराच्या सुमारास भाईंचा फोन आला: काकांच्या छातीत दुखतंय, मी गाडीतून दवाखान्यात नेतोय, तू सीधा त्यां आव. ‘चालता चालता पाच मिनिट फाटकाशी थांबले,’ भाई नंतर कुरकुरले, ‘पाटिया पासे, त्या फळीपाशी, काही करत होते. मी म्हटलं, काका, हवे तो चालो!’ मी तडक दवाखान्यात गेलो. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. नागपूरहून काकांची मुलगी, ताई, येईपर्यंत, मग अंत्यविधीपर्यंत, आणि त्यानंतरही दोन दिवस माझं बोर्डाकडे लक्षच गेलं नाही. फाटकातून किती वेळा आत-बाहेर केलं असेन, पण बिल्ला काढायची आठवणही झाली नाही.

दफनभूमीत तीस-चाळीस माणसं होती. भाई होते, सोसायटीतले बरेच होते. शवपेटी खाली गेल्यावर पाळकांनी विश्वासांगीकार सुरू केला. इथं पडदा नव्हता, सगळे पाठ म्हणत होते. ‘पुरला गेला’ आलं आणि सगळे थांबले.

सवयीनंच थांबले. ती ओळ म्हणणारं आता कुणी नव्हतं. पाळकांनी मान वर केली, आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. ओळ मला पाठ होती. तीन वर्षं ऐकत होतो. पण मी हिंदू, भाडेकरू, तिथं उभा राहिलेला एक माणूस. मी कोण म्हणणारा? मी मातीकडे बघत राहिलो. मग कुणी तरी ‘तिसऱ्या दिवशी’ म्हणालं आणि सगळे पुढे गेले. मला इतकं वाईट काकू गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ताईची गाडी होती. ती बॅग घेऊन फाटकाशी आली, हातात नवं कुलूप. ‘तुम्ही वर राहताच आहात,’ ती म्हणाली. ‘पण आता फाटक लावत जा. आता कुणाची वाट बघायची?’

‘लावतो,’ म्हणत मी बिल्ला काढायला बोर्डाकडे वळलो, आणि तो मला सापडेना. वरच्या ओळीत, जिथं मी मंगळवारी लावला होता, तिथं नव्हता. त्या ओळीत एकोणीस नंबर होता. त्याच्या अगदी शेजारी, खुंटी सोडून नाही, लगतच्या खुंटीवर, अठरा. खालच्या खुंटीवर, जिथं तीन वर्षं अठरा होता, तिथं बत्तीस.

काकांनी ती पाच मिनिटं यात घालवली होती. क्रेनवाल्याला दारात उभं केल्यावर मगच ते आत गेले होते, तसंच.

ताई याच बोर्डाखाली वाढलेली. तिनं एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि मग माझ्याकडे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती फाटकाच्या कडीला हात लावून उभी राहिली आणि रडली. सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. मग कुलूप पर्समध्ये टाकलं आणि रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेतीनला मी सवयीनं स्कूटर काढली, मागची सीट पुसली, आणि मग लक्षात आलं. तरी गेलो. मागच्या बाकावर बसलो. पाळकांनी मला बघितलं. सगळे उभे राहिले तेव्हा मीही राहिलो. मी काय मानतो आणि काय नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण दारातल्याला ते कुणी विचारत नाही. ‘पुरला गेला’ आलं, मंडळी थांबली, आणि मी ती ओळ म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. दोघंही आत होते.